टेकडीवरची सुकी मासळी

दत्ताराम कुबल दिवसभर कॉफी तोंडात घेतो आणि थुंकतो, आणि त्यावर त्याचं घर चालतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कॉफी कंपनीत तो चाखणारा आहे. व्हिजिटिंग कार्डावर या कामाला चांगलं लांबलचक इंग्रजी नाव आहे. पण त्याची आई गावी, आचऱ्याला, शेजारणींना सांगताना ‘आमचो दत्तो कॉफ्येची चव बघता’ एवढंच सांगायची, आणि शेजारणींची समजूत अशी, की पोरगा कुठल्यातरी शेखाकडे आचारी लागलाय. दत्ताराम स्वतः चहा पितो. कॉफी त्याला मनापासून आवडत नाही. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी मनावर घेत नाही.

तो इथं आला तेव्हा पोती उचलायला आला होता. याच पार्कातल्या स्टाफ हाउसिंगमध्ये वरच्या बंकवर त्याची बरीच वर्षं गेली. पोत्यांवरून तो भट्टीवर गेला, भट्टीवरून चाखायच्या खोलीत. यात हुशारी किती आणि नशीब किती, हे त्याला विचाराल तर तो खांदे उडवतो. परीक्षा दिल्या, पास झाला, बायकोला आणलं, मुलगी इथंच वाढली. ईशानी आता अल ऐनला युनिव्हर्सिटीत आहे आणि बापाच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देते.

या नोकरीची किंमत मात्र त्याच्या चुलीने मोजली. चाखणाऱ्याच्या जिभेला आणि नाकाला दुसरा वास चालत नाही. म्हणून रविवार संध्याकाळपासून शुक्रवारपर्यंत कुबलांच्या घरात मासळी शिजत नाही. लसूण नाही, कच्चा कांदा नाही, अत्तर नाही. सकाळी पेज आणि उकडलेला बटाटा. शनिवारी काय ते पापलेट नाहीतर बांगडा. आणि सुकी मासळी तर कधीच नाही, कारण तिचा वास एसीच्या जाळीत आणि कपड्यांत आठवडाभर बसतो. आशा गेली कित्येक वर्षं म्हणते, ‘‘ह्या मेल्या कॉफ्येन माझी चूल भटाची केल्यान.’’ मालवणी माणसाला भाजलेल्या सुक्या बांगड्यावाचून ठेवणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. दत्ताराम कधीकधी देरातल्या सुक्या मासळीच्या एका केरळी दुकानासमोरून मुद्दाम चालत जायचा. आत जायचा नाही.

कंपनीचं शेतकऱ्यांकडून कॉफी घेण्याचं काम अंकुरकडे होतं. अंकुर पुण्याचा, तिशीतला, एमबीए, मनाने चांगला. फक्त बोलायला लागला की समोर स्लाइड आहे असं समजून बोलायचा. रवांडातल्या एका तलावाकाठच्या टेकडीवरून कंपनी दरवर्षी कॉफी घ्यायची. तिथल्या कुटुंबांसाठी एक मदतीचा प्रकल्प होता, तोही अंकुरच बघायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने दत्तारामला तो समजावून सांगितला.

‘‘कुबलकाका, बेसिक प्रॉब्लेम असा आहे, की कॉफीचे पैसे वर्षातून एकदाच येतात. नंतर एक पिरियड येतो, पैसे खलास, शेतातल्या शेंगा अजून कोवळ्या. त्या गॅपमध्ये फॅमिलीज एका जेवणावर असतात. मुलं शाळेत जात नाहीत. आपल्याला तो गॅप भरायचाय. याला रेझिलियन्स म्हणतात.’’

‘‘आमच्याकडे याला पावसाळा म्हणतात,’’ दत्ताराम म्हणाला.

अंकुर हसला, पण प्रकल्पाची गत काही हसण्यासारखी नव्हती. आधी कोंबड्या वाटल्या, त्या रोगाने गेल्या. मग भाजीचं बी पाठवलं, ते पाऊस होऊन गेल्यावर पोचलं. आता वरच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की अजून एक वर्ष बघू, नाहीतर यल्ला, बंद करू. अंकुर त्या वर्षी टेकडीवर जाणार होता, आणि कॉफी तपासायला म्हणून दत्तारामलाही बरोबर नेणार होता. दत्ताराम दुबई आणि आचरा सोडून कुठं गेलेला नव्हता. आशाने बॅगेत स्वेटर कोंबला.

टेकडी पाहून दत्ताराम पहिला दिवस नुसता बघत फिरला. उतरणीवर लाल माती, केळी, केळींच्या आडोशाला कॉफीची झाडं, आणि खाली निळा तलाव. घरची आठवण येईल असं सगळंच होतं. सहकारी संस्थेचं काम बघणारी वेस्तीन नावाची तरुण बाई त्यांच्याबरोबर फिरत होती. ती इंग्रजी सावकाश, जुळवून बोलायची आणि त्याला ‘मिस्टर दत्ता’ म्हणायची.

दुपारी एका घरी त्यांना जेवायला बसवलं. राजमा, उकडलेला कसावा, वर थोडं तेल. ताट भरगच्च होतं. दत्तारामला घास उतरत नव्हता, पण यजमानाचा अपमान नको म्हणून त्याने ताट पुसून खाल्लं. दारात तीन मुलं उभी होती. ती ताटाकडे बघत होती. मुलं कधी जेवणार, असं त्याने सहज वेस्तीनला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘आज पाहुणे आहेत ना.’’ तेव्हा त्याला कळलं, की त्याने त्या घरातलं जेवण संपवलं होतं. तो मान खाली घालून टेकडी उतरून तलावाशी गेला.

तलावाशी त्याला मासळी दिसली.

बोटभर लांबीची, चांदीसारखी. होड्या रिकाम्या होत होत्या आणि मासळीचे ढीग पडत होते. तिथंही आपल्यासारखा मासेमारीच्या बंदीचा काळ असतो, आणि तो जवळ आला होता, म्हणून कोळी मिळेल तेवढं ओढत होते. भाव पार उतरला होता. उरलेली मासळी काठावर नासत होती. काठावरचे लोक थोडी सुकवायचे, बाजारात विकायला. पण टेकडीवरच्या बायका आजच्यापुरती घ्यायच्या आणि वर जायच्या, कारण वर सुकवायला जागाच नव्हती. सगळी उतरण, सगळी सावली. वर सपाट, उंच, उन्हातली जागा एकच, कॉफी सुकवायची टेबलं. लाकडी पायांवर नायलॉनची जाळी ताणलेली, अशा टेबलांच्या रांगाच्या रांगा. कॉफीचा हंगाम सरला होता. टेबलं रिकामी होती, आकाश कोरडं होतं, खाली मासळी मातीमोल होती.

आचऱ्याच्या माणसाला आणखी काय सांगायला लागतं? पावसाची बेगमी त्याच्या रक्तातच. पावसासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आधी मासळी खारवायची, घरापुढच्या खळ्यात पसरायची, कावळे हाकलायचे, उलटायची, डब्यात भरायची, आणि मग पाऊस किती का कोसळेना, भाताच्या पेजेबरोबर भाजलेला एक तुकडा तरी ताटात असतो. दत्ताराम धापा टाकत टेकडी चढला आणि अंकुरला म्हणाला, ‘‘गॅप भरायचाय ना तुम्हाला? चला, भरू.’’

पुढचे काही दिवस दत्ताराम कुबलला कोणी पाहायला हवं होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला रुमाल. मिठाच्या पाण्यात मासळी कशी बुडवायची, किती दाट पसरायची, दुपारी कशी उलटायची, हे तो हातवारे करून मालवणीत सांगायचा आणि वेस्तीनने इंग्रजीची वाट न पाहता त्याचं भाषांतर करून टाकलेलं असायचं. बायका हसायच्या. त्याच्याही तोंडावर असं हसू आशाने लग्नानंतर फारसं पाहिलं नसेल.

अंकुरने एकदाच विचारलं होतं, ‘‘काका, पण स्मेल? यावरच नंतर कॉफी येणार ना?’’

कॉफी वास ओढून घेते, हे दत्तारामला अंकुरपेक्षा जास्त माहीत होतं. त्याचा सगळा जन्म त्याच एका गोष्टीला सांभाळण्यात गेला होता. पण तो म्हणाला, ‘‘मधे अख्खा पाऊस आहे. सगळं धुऊन जातं. आमच्याकडे दरवर्षी जातं.’’

आणि ते खोटं नव्हतं. आचऱ्याला खरंच जातं. फक्त जातं ते पावसाने नाही. पाऊस सरला की आचऱ्याला खळं नव्याने घालतात; माती टाकतात, चोपतात, शेणाने सारवतात. वासाची जागाच उरत नाही, कारण जमीनच नवी होते. हे काम घरातल्या बायका करतात, आणि पुरुषांना दिवाळीला खळं आयतं स्वच्छ दिसतं. दत्तारामला ते लहानपणापासून असंच स्वच्छ दिसलेलं होतं. नायलॉनची जाळी कोणी सारवत नाही. त्याच्या डोक्यात हे आलंच नाही. आलं असतं तर दोन बांबू आणि जुन्या जाळीची वेगळी टेबलं बांधून घ्यायला एक दुपार लागली असती.

ते वर्ष छान गेलं, हे सांगायलाच हवं. नंतर जे झालं त्यामुळे ते कोणी सांगत नाही. ज्या महिन्यांत टेकडीवरच्या चुली एकवेळ पेटायच्या, त्या महिन्यांत त्या दोनदा पेटल्या. वेस्तीन फोनवर फोटो पाठवायची. कसाव्यावर मासळीचा रस्सा, मडक्यात रचून ठेवलेली सुकी मासळी, शाळेच्या निळ्या गणवेशातली मुलं. एका फोटोत दारातली ती तीन मुलं होती आणि धाकट्याच्या हातात मासा होता. आशाने तो फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच सुक्या मासळीची किसमूर कशी करायची ते सांगायला बसली. तिथं नारळ मिळत नाही म्हटल्यावर ती बरीच हिरमुसली.

अंकुरने या सगळ्याची एक स्लाइड केली आणि ती एका परिषदेत दाखवली. साहेबांनी प्रकल्प चालू ठेवला. कँटीनमध्ये लोक दत्तारामला थांबवून हात मिळवायला लागले. पोती उचलणाऱ्या दिवसांपासून त्याने या पार्कात इतकी वर्षं काढली, पण आपल्यामुळे कोणाचं काही भलं झालं असं त्याला पहिल्यांदा वाटलं. तो ते कोणाला बोलला नाही. फक्त ईशानीला फोटो पाठवले. तिने उत्तर पाठवलं, ‘‘बाबा, धिस इज सो कूल.’’

पुढच्या जुलैत त्या टेकडीचा नवा नमुना आला. कॉफी अजून जहाजात चढायची होती. आधी थोडी पाठवतात, ती पसंत पडली तर बाकीची निघते.

चाखायच्या खोलीची एक रीत आहे. लांब टेबलावर वाडग्यांची रांग लावायची, प्रत्येकात जाडसर दळलेली कॉफी, वर कढत पाणी. वर साय धरली की चमच्याने मोडायची, नाक वाडग्यात घालून वास घ्यायचा, आणि मग चमचाभर कॉफीचा असा भुरका मारायचा की शेजारच्या गोडाउनात ऐकू जावा. लहानपणी चहाचा भुरका मारला म्हणून बापाची चापट खाल्लेल्या दत्तारामला इथं भुरक्याचाच पगार मिळतो. कुठल्या वाडग्यात कुठली कॉफी हे चाखणाऱ्याला सांगत नाहीत. नाव वाडग्याखालच्या ट्रेच्या बुडाला चिकटवलेलं असतं. सगळ्यांनी चाखून, मोठ्याने मत सांगून झालं, की मगच ट्रे उलटा करायचा. कोणाच्या बाजूने झुकायला नको, म्हणून ही सोय.

त्या दिवशी टेबलाशी तिघे होते. दत्ताराम, खोलीची प्रमुख नौशीन, आणि हॉटेलांना कॉफी पुरवणारा एक लेबनीज खरेदीदार. नौशीन कराचीची, कडक शिस्तीची, पण दत्तारामला ‘दत्ताभाई’ म्हणायची आणि त्याच्या जिभेपुढे स्वतःची जीभ मागे घ्यायची. रांगेतल्या मधल्या वाडग्यापाशी ती थबकली. परत चाखलं. ‘‘कुछ नमकीन सा है,’’ ती म्हणाली. ‘‘थोडा सेव्हरी. बुरा नहीं है. पास कर सकते हैं?’’ खरेदीदाराने मान हलवली. त्याला चॉकलेट लागत होतं.

मग दत्तारामने भुरका मारला.

आणि त्याला आचरा लागलं. चैत्रातलं खळं, उन्हात पसरलेली मासळी, आईच्या हाताचा वास, चुलीवर भाजताना उठलेला तो पहिला धूर, सगळं एका चमच्यात. ज्या वासाला त्याने इतकी वर्षं घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं, तो अचानक तोंडभर होता. त्याचा चेहरा उजळला. तो हसला, आणि विचार करायच्या आत म्हणून गेला, ‘‘अरे, सुकी मासळी!’’

‘‘क्या?’’

‘‘ड्राय फिश! एकदम ड्राय फिश, नौशीनजी. हमारे गाँव का!’’

चवीचं असं असतं, की जोवर नाव मिळत नाही तोवर ती दडून राहते. नाव मिळालं की सगळ्यांना तीच लागते. खरेदीदाराने पुन्हा एक चमचा घेतला, तोंड वाकडं केलं आणि चमचा खाली ठेवला. ‘‘खलास, हबीबी,’’ तो म्हणाला. ‘‘आता मला दुसरं काही लागणार नाही.’’ नौशीननेही पुन्हा चाखलं आणि हळूच थुंकलं. मग तिने ट्रे उलटा केला. दत्ताराम अजून हसतच होता. ट्रेच्या बुडाला त्याच टेकडीचं नाव होतं.

नौशीनने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला.

तीन दिवस त्याने जंग जंग पछाडलं. ती कॉफी हलकी भाजून पाहिली, गडद भाजून पाहिली, कोळसा होईपर्यंत भाजून पाहिली. पाणी बदललं, दळण बदललं. कडू व्हायची, राख लागायची, आणि राखेच्या मागून मासळी यायचीच. अंकुर काचेच्या दारातून आत-बाहेर करत होता. शेवटी त्याने दार लावून घेतलं.

‘‘काका, पोत्यांचा वास असेल. असं म्हणता येईल ना? नाहीतर डार्क ब्लेंडमध्ये थोडी थोडी घालू. कोणाला कळणार नाही.’’

‘‘मला कळेल.’’

‘‘तुम्हाला कळलं म्हणूनच तर!’’ अंकुरचा आवाज चढला, आणि लगेच तो खुर्चीत बसला. ‘‘सॉरी. पण तुम्ही बोलला नसता तर पास झाली असती, काका. नौशीन पास करत होती.’’

हे दत्तारामला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. तिन्ही रात्री तो हेच मनाशी घोळवत होता. जीभ आवरली असती तर? पण ती जीभ आवरायची शिकलीच नव्हती. तिला बोलण्याचेच पैसे मिळत होते. तो उठला आणि सरळ वरच्या साहेबांकडे गेला. चूक टेकडीवरच्या लोकांची नाही, माझी आहे, मीच त्यांना टेबलं वापरायला सांगितली, असं त्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं. वेगळी टेबलं द्या, मासळी लांब सुकवू द्या, पुढच्या वर्षी वास आला तर मला काढा.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की या वर्षीची कॉफी घेता येणार नाही. पुढच्या वर्षी नमुना बघू, पण मासळी जिथं आहे तिथून ही कंपनी कॉफी घेते, असं बाजारात बोललं जायला नको. जेवणाचा प्रकल्प इथंच थांबवू. ‘‘तुमचा हेतू चांगला होता, मिस्टर कुबल,’’ असंही ते म्हणाले.

घरी आशाने पेज वाढली. तो ढवळत बसला.

‘‘काय झाला? तोंड कित्याक उतरला?’’

त्याने सांगितलं. आशा ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘जाळी कोण सारवता? माझ्याकडे इचारूक होया होता. खळा कोण घालता, तुमका म्हायत आसा?’’ आणि त्याचा चेहरा पाहून तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘तुमी तेंका खावक शिकयल्यात. वायट नाय केल्यात.’’ दत्ताराम रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता, नाक पुसत.

टेकडीवरची कॉफी तिथल्याच बाजारात कवडीमोलाने गेली. दत्तारामने वेस्तीनला फोन केला आणि जे साहेबांना सांगितलं तेच तिलाही सांगितलं. चूक माझी आहे. तिने मध्येच थांबवलं. ‘‘नाही, मिस्टर दत्ता. टेबलं आमची आहेत.’’ मग तो घाईघाईने बोलायला लागला. कंपनीचं काही ऐकू नका, मासळी सोडू नका. फक्त टेबलांवर नको. घराच्या मागे, छपरावर, चटईवर, कुठंही सुकवा, जुन्या जाळ्या जाळून टाका. आत्ता काठावर मासळी स्वस्त असेल, आत्ताच घ्या.

वेस्तीनने त्याला बोलू दिलं. मग तिने सांगितलं, की काल सभा झाली. सगळी टेकडी आली होती. ज्याच्या घरात मासळी सापडेल, त्याची कॉफी संस्था घेणार नाही, असा ठराव झाला.

‘‘घरातसुद्धा?’’

‘‘कॉफीची फळं रात्री घरातच असतात. वास हाताला लागतो. लोक घाबरलेत.’’

‘‘अहो, हाताचा वास कॉफीला लागत नाही. मी सांगतो ना! मी चाखतो, मला कळतं.’’

‘‘तुम्ही सांगितलं होतं, की पाऊस धुऊन नेतो,’’ वेस्तीन म्हणाली. तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता. तिने फक्त आठवण करून दिली.

त्यानंतर त्याने पुष्कळदा फोन केले. कोणत्या वासाने काय होतं, किती अंतर पुरतं, हे सगळं समजावून सांगितलं. वेस्तीन ऐकून घ्यायची, हो म्हणायची, आणि ठराव तसाच राहायचा. अंकुरने प्रकल्प बंद झाल्याचा मेल सगळ्यांना पाठवला आणि काही महिन्यांनी तो दुसऱ्या कंपनीत गेला. ते रिकामे महिने आले तेव्हा दत्तारामला फोटो आले नाहीत. त्याने मागवलेही नाहीत. आशाने एकदा विचारलं, पोरां काय खातत असतीत? तो उठून गॅलरीत गेला आणि पार्कातल्या बसेस कामगारांना घेऊन सुटताना बघत राहिला.

पुढच्या जुलैत पुन्हा रांग लागली, पुन्हा भुरके. तोच खरेदीदार आला होता. एका वाडग्यावर तिघंही थांबले. नौशीनने डोळे मिटले. खरेदीदार ‘माशाल्ला’ म्हणाला. दत्तारामने चाखलं, पुन्हा चाखलं, तोंडात घोळवलं, कसलातरी दुसरा वास येतोय का ते शोधत राहिला. काहीही नव्हतं. संत्र्याची साल, मध, आणि मागे काही नाही. त्याने त्या वर्षातले सगळ्यात जास्त गुण दिले. त्याला तेच द्यावे लागणार होते. नौशीनने ट्रे उलटा केला आणि आनंदाने त्याच्या दंडावर चापट मारली. ‘‘दत्ताभाई! आपकी पहाड़ी!’’

बातमी आपणच द्यावी म्हणून त्याने बाहेर येऊन वेस्तीनला व्हिडिओ कॉल लावला. बाहेर ऊन रणरणत होतं, फोन हातात तापत होता. वेस्तीनने बातमी ऐकली आणि मागे वळून ओरडून सांगितली. टेबलांशी कॉफी निवडत बसलेल्या बायकांनी एकदम टाळ्या पिटल्या, कोणी गाणं धरलं.

दत्तारामला राहवलं नाही. ‘‘वेस्तीन, आता तरी ऐका,’’ तो म्हणाला. ‘‘कॉफी पास झाली. आता ठराव काढून टाका. बंदीच्या आधी मासळी घ्या, वरच्या बाजूला वेगळ्या चटया टाका. मी लिहून देतो कंपनीला. हे महिने कसे काढलेत तुम्ही? काय खाल्लं?’’

‘‘जे नेहमी खातो ते. कमी.’’

‘‘मग?’’

‘‘मिस्टर दत्ता,’’ ती समजूत घालावी तशी म्हणाली, ‘‘उपाशी राहायची आम्हाला सवय आहे. कॉफी गेली तर परत यायची नाही.’’

तिने फोन उंच धरला आणि मागे फिरवला, त्याला सगळे दिसावेत म्हणून. नव्या, पांढऱ्या जाळ्यांच्या रांगा उन्हात दिसल्या. कॉफीचे पैसे यायला अजून अवकाश होता. बायकांची गालफडं बसली होती, गळ्याची हाडं वर आली होती. एकीच्या कडेला मूल होतं, त्याचं डोकं तिच्या खांद्यावर टेकलेलं होतं आणि टाळ्यांच्या आवाजानेही ते हललं नव्हतं. सगळ्या जणी हसत फोनकडे बघत होत्या आणि त्याला हात करत होत्या. दत्तारामनेही हात केला.